सूज उतरली, आता खेळू का?

१. मैदानावरचा प्रश्न

खो-खोच्या सामन्यात एक मुलगी साखळी पळत असते. हुलकावणी देऊन वळते आणि तिथेच गुडघा धरून खाली बसते. कुणी धक्का दिलेला नसतो, कुणाचा पायही लागलेला नसतो. दोन-तीन आठवडे ती लंगडते. मग सूज उतरते, ती नीट चालू लागते, सायकल चालवते, घरातलं पाणीही भरते. तेव्हा ती सरांना विचारते, ‘सूज उतरली, आता खेळू का?’

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर हे गावही उद्ध्वस्त झालं. हाड जुळणं आणि माणूस पुन्हा कामाला लागणं यांत किती महिन्यांचं अंतर असतं, हे अशा गावाला वेगळं सांगावं लागत नाही. पण खेळात गुडघा गेला की हे शहाणपण कुठे जातं कळत नाही. ‘जरा मुरगळलाय, चोळून घे, होईल बरा,’ एवढ्यावर विषय संपतो. आणि हा जिल्हा तर खो-खोचा. धाराशिवच्या सारिका काळे भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्या संघाने सुवर्णपदक जिंकलं आणि २०२० साली सारिकांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे पाहून मैदानात उतरलेल्या मुलींपैकी एकीचाही खेळ केवळ चुकीच्या सल्ल्याने संपू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे प्रकरण या एका प्रश्नासाठी.

२. मेलबर्नला न दिसलेले दोघे

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटाचं कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं होतं, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. पुढचं ऑलिंपिक १९५६ साली मेलबर्नला होतं आणि खाशाबा तिथे नव्हते. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची कुस्ती थांबवली होती.

त्याच मेलबर्न शहरात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल नावाचा एक खेळ जिवापाड प्रेमाने खेळला जातो. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. चेंडू हवेत असताना प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकून त्याच्याही वर उडी घ्यायची आणि चेंडू झेलायचा, हे या खेळातलं सर्वांत देखणं दृश्य. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. एसेंडन क्लबचा जॉन कोलमन हा या उड्यांचा राजा होता. ९८ सामन्यांत ५३७ गोल ही त्याची कमाई. १९५४ साली अशीच एक उडी घेऊन खाली येताना त्याचा गुडघा निखळला. वय होतं २५. त्यानंतर तो मोठ्या सामन्यात कधीच खेळला नाही.

कुस्ती मातीतली, फुटबॉल गवतावरचा, दोन देश, दोन भाषा. आणि दोघांचीही ऐन उमेद एकाच सांध्याने हिरावून घेतली. त्या काळी एमआरआय नव्हता. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत अजून रुळायची होती. आज दोन्ही आहेत. तरीही खेळ थांबतातच, कारण आजची अडचण बऱ्याचदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नसते. ती त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत असते.

३. गुडघ्याच्या आत

गुडघ्यात वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड आणि पुढे वाटी. मांडीच्या हाडाची टोकं गोलसर, तर नडगीचा माथा जवळजवळ सपाट. म्हणजे केवळ हाडांच्या आकाराने हा सांधा जागेवर राहूच शकत नाही. खुब्याच्या सांध्यात गोळा खोबणीत बसलेला असतो, तशी सोय इथे नाही. दोन हाडांच्या मध्ये दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्या भार वाटून घेतात. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवतात ती लिगामेंट, म्हणजे चिवट तंतूंचे पट्टे. आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक, आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना फुली मारून जाणारे दोन.

या फुलीतला पुढचा पट्टा म्हणजे एसीएल. लांबी सुमारे तीन सेंटिमीटर, जाडी जेमतेम एक सेंटिमीटर. तरुण माणसात तो २०० किलोंहून जास्त ताण सोसतो. त्याची कामं दोन: नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघा मर्यादेबाहेर पिळू न देणं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. सरळ चालताना एसीएलवर फारसं काम पडत नाही. सायकल चालवताना तर त्याहून कमी. एसीएल पूर्ण तुटलेला माणूस महिन्याभराने बाजारात आरामात फिरू शकतो. तो पट्टा लागतो पळता पळता एकदम थांबताना, पाय रोवून दिशा बदलताना आणि उडीवरून एका पायावर उतरताना. खो-खो, कबड्डी, कुस्ती आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल या खेळांत नेमकं हेच करायचं असतं.

४. तो क्षण

खो-खोतली संरक्षक पळती घ्या. एक-आड-एक साखळीत ती बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जाते. आक्रमक जवळ आला की ती डावीकडे झुकल्याचं भासवते आणि एका पायावर सगळा भार टाकून उलट वळते. पाऊल जमिनीला घट्ट धरलेलं असतं, गुडघा थोडासाच वाकलेला असतो, वरचं शरीर मात्र वळून गेलेलं असतं. त्यात गुडघा आत झुकला की सगळा पीळ एसीएलवर येतो. खेळाडूंच्या दुखापतींची चित्रफीत संथ करून अभ्यासली गेली आहे. पाय टेकल्यापासून साधारण एका सेकंदाच्या विसाव्या भागातच पट्टा तुटतो. एवढ्या वेळात मेंदूला ‘सांभाळ’ म्हणायलाही सवड नसते. म्हणूनच ‘तू बघून पळायला पाहिजे होतंस’ असं त्या मुलीला म्हणणं चुकीचं आहे आणि क्रूरही.

बऱ्याच खेळाडूंना त्या वेळी आतून ‘टक्’ असा आवाज येतो. उठून उभं राहिल्यावर गुडघा आपला वाटत नाही. पुढच्या काही तासांत तो टम्म फुगतो. ही सूज पाण्याची नसते. तुटलेल्या पट्ट्यातून सांध्यात रक्त उतरलेलं असतं. ‘टक्’ आवाज, काही तासांत आलेली सूज आणि नंतर वळताना गुडघा ‘सटकणं’ या तीन गोष्टी शिक्षकाने विचारल्या तरी निदानाची निम्मी वाट सरते.

५. सूज उतरते, पट्टा मात्र सांधत नाही

बोट कापलं की रक्त गोठतं, खपली धरते, तिच्या आधाराने नवी कातडी येते. एसीएल सांध्याच्या द्रवात बुडालेला असतो. तिथे तुटलेल्या दोन टोकांना जोडणारी रक्ताची गुठळी टिकत नाही, विरघळून जाते. त्यामुळे पूर्ण तुटलेला पट्टा सहसा आपोआप पहिल्यासारखा जुळत नाही. सांध्यातलं रक्त मात्र शरीर काही आठवड्यांत शोषून घेतं आणि सूज ओसरते. सूज ओसरण्याचा पट्टा जुळण्याशी काहीही संबंध नाही. मुलीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणून एवढं पुरेसं आहे: सूज उतरली म्हणून खेळायचं नाही.

तरीही ती खेळली तर काय होतं? गुडघा पुन्हा सटकतो. दर वेळी दोन हाडांमधली गादी मध्ये चिरडली जाते. एसीएलविना रोजचं आयुष्य निभावता येतं, पण फाटलेल्या गादीची भरपाई पुढे बऱ्याचदा पूर्ण करता येत नाही आणि ऐन चाळिशीत संधिवात दारात येऊ शकतो. मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते या दुसऱ्या दुखापतीचं. पहिली नशिबाने होते, दुसरी आपण होऊ देतो.

गुडघा सुजलेला असताना जोरात चोळून घेणं, ओढून ‘बसवणं’ हे करू नये. आत सटकलेलं हाड नसतं, तुटलेला पट्टा असतो. ओढण्याने तो जागेवर येत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत बर्फ, पट्टी, पाय उंचावर ठेवणं आणि काठीचा आधार एवढं पुरे. मग डॉक्टर. सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे; हाड मोडलेलं नाही ना, हे पाहण्यापासून सुरुवात होऊ शकते. पण इथे आणखी एक फसगत असते. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. ‘फोटो काढला, काही नाही निघालं,’ हे वाक्य ऐकून किती मुलं पुढच्याच आठवड्यात मैदानात उतरली असतील! अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ गुडघा किंचित वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतो. पट्टा शाबूत असेल तर नडगी ठाम अडते, तुटला असेल तर पुढे येतच राहते. या साध्या तपासणीला लॅकमन चाचणी म्हणतात. तिला यंत्र लागत नाही. खात्रीसाठी आणि गाद्यांची अवस्था कळण्यासाठी एमआरआय करतात. त्यासाठी लातूर किंवा सोलापूरसारखं शहर गाठावं लागतं.

६. शस्त्रक्रिया सगळ्यांना लागते का?

नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय लोकांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांची शस्त्रक्रिया लवकर केली. उरलेल्यांना आधी नेटाने व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. पाच वर्षांनी या दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती, आणि दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते. शेतीकाम, नोकरी, पोहणं, सायकल एवढंच ज्याला हवं आहे त्याच्या घरच्यांनी कर्ज काढण्याआधी हे जरूर ऐकावं. मात्र त्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू नव्हते. ज्या मुलीला पुन्हा साखळी पळायची आहे, कबड्डीत चढाई करायची आहे, तिला बहुधा नवा पट्टा बसवावा लागतो.

हा नवा पट्टा कुठून येतो? बहुतेकदा तिच्याच शरीरातून: मांडीच्या मागच्या स्नायूचा दोर किंवा वाटीखालच्या दोराचा मधला भाग काढून, दोन्ही हाडांत बोगदे पाडून तो तिथे पक्का करतात. आणि इथे निसर्गाचा एक नियम आहे जो खेळाडूला, पालकांना, प्रशिक्षकाला कुणीतरी बसवून समजावलाच पाहिजे. मिरचीचं रोप वाफ्यातून उपटून शेतात लावलं की पहिले काही दिवस ते मान टाकतं; मुळं धरेपर्यंत ते वाफ्यात होतं त्याहून अशक्त असतं. बसवलेल्या पट्ट्याचंही तसंच होतं. मूळ जागेवरून काढताना त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या जागी रक्तवाहिन्या शिरेपर्यंत तो कमकुवत होत जातो आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सर्वांत नाजूक असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, टाके विसरले गेलेले असतात आणि खेळाडूला वाटत असतं की आपण बरे झालो.

७. नऊ महिन्यांचा हिशेब

मग कधी खेळायचं? नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली याचं उत्तर आकड्यांत दिलं. नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. सहाव्या महिन्यात परतणाऱ्याचा धोका १०० धरला, तर सातव्यात ४९, आठव्यात २४ आणि नवव्यात १२. तीन महिने थांबण्याचं एवढं मोल आहे.

दिनदर्शिकेवर हे मांडून पाहू. समजा, नववीतल्या एका मुलीचा पट्टा डिसेंबरात तुटला. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ व्हायला सहा-आठ आठवडे, कारण अडकलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली तर तो कायमचा आखडू शकतो. शस्त्रक्रिया फेब्रुवारीत. नऊ महिने पुढे मोजले की नोव्हेंबर येतो. तोवर दहावीच्या वर्षातल्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा बहुधा उरकलेल्या असतात. १७ वर्षांखालच्या गटातला तिचा एक अख्खा हंगाम जातो. हे नुकसान खरं आहे, मोठं आहे, ते झाकून उपयोग नाही. पण १९ वर्षांखालचा गट पुढे उभा आहे, आणि सप्टेंबरात घाईने उतरवलेली मुलगी बऱ्याचदा त्या गटापर्यंत पोचतच नाही.

महिने मोजणं पुरेसं नाही, पायही मोजायचा. यासाठी लागते एक मोजपट्टी आणि फुकटचं अंगण. चांगल्या पायावर उभं राहून पुढे एक लांब लंगडी उडी घ्यायची आणि त्याच पायावर तोल सावरून थांबायचं. मग दुसऱ्या पायाने तेच. चांगल्या पायाची उडी १५० सेंटिमीटर आणि दुखऱ्या पायाची १२० भरली, तर १२० भागिले १५० म्हणजे ८० टक्के. निदान ९० टक्के हवेत, म्हणजे या मुलीला १३५ सेंटिमीटर गाठायचे आहेत. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकदही दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांवर आलेली असावी. ही उडी फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावरच, शेवटच्या टप्प्यात करायची. चौथ्या महिन्यात हौसेने मोजायला घ्यायची नाही.

आकडा गाठूनही भीती उरते. पाय वळण घ्यायला तयार असतो, मन नसतं. जगभरच्या अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज २०१४ साली झाली, तेव्हा दिसलं की शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, पण स्पर्धात्मक खेळाकडे फक्त ५५ टक्के. यातल्या अनेकांचा गुडघा ठीक होता. म्हणून ‘घाबरतेस काय’ असं म्हणून तिला मैदानात ढकलू नये. आधी एकटीने वळणं, मग ठरलेल्या दिशेने पाठलाग, मग न ठरलेल्या दिशेने, अशा पायऱ्या लावाव्यात.

आणि सगळं नीट करूनही पुन्हा दुखापत होऊ शकते, हेही सांगायला हवं. सिडनी स्वान्सचा अ‍ॅलेक्स जॉन्सन २०१२ साली विजेत्या संघात होता. त्यानंतर त्याच्या डाव्या गुडघ्याचा पट्टा पाच वेळा नव्याने बसवावा लागला. जवळपास सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, तो मैदानात परतला तेव्हा दोन्ही संघांच्या पाठीराख्यांना गहिवरून आलं. पुढच्याच सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचा पट्टा तुटला. उलट बाजूला विनेश फोगट आहे. २०१६ साली रिओत गुडघा जायबंदी झाल्यावर स्ट्रेचरवरून नेलेली ही पैलवान २०१८ साली आशियाई सुवर्णपदक घेऊन उभी होती.

काहींना मात्र खेळ किंवा खेळातली भूमिकाच बदलावी लागते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. कोलमन प्रशिक्षक झाला आणि १९६२ व १९६५ साली त्याने एसेंडनला विजेतेपद मिळवून दिलं.

८. हरळी आणि भेगाळलेली जमीन

ऑस्ट्रेलियन फुटबॉलकडून आपण घ्यावी अशी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांची नोंदवही. १९९२ पासून त्यांच्या लीगमध्ये सगळ्या क्लबांच्या दुखापतींची दरवर्षी नोंद होते. त्या नोंदी पाहताना जॉन ऑर्चर्ड या डॉक्टरांच्या लक्षात आलं की कोरड्या, टणक मैदानावर एसीएल जास्त तुटतात. पाऊस पडून गेला की कमी. मग त्यांनी गवत तपासलं. राय जातीचं गवत त्यातल्या त्यात सुरक्षित निघालं. धोक्याचं निघालं ते बर्म्युडा गवत, म्हणजे आपल्या बांधावरची हरळी! तिच्या खोडांची दाट, चिवट जाळी बुटाला पकडून ठेवते. पाऊल सुटत नाही आणि गुडघा पिळतो.

मराठवाड्यातल्या मैदानांकडे या नजरेने पाहा. काळी जमीन, उन्हाळ्यात भेगाळलेली, पावसाळ्यानंतर टणक ढेकळांची, कडेला हरळीचे पुंजके. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारणं, भेगा मातीने बुजवणं, खांबाभोवतीची हरळी मुळासकट काढणं ही कामं शाळेच्या आवाक्यातली आहेत.

नोंदीवरून नियमही बदलता येतो. या फुटबॉलमध्ये २०२५ पर्यंत सामना सुरू करताना चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवत आणि दोन उंचेपुरे खेळाडू समोरासमोरून धावत येऊन झेप घेत. त्यांचे गुडघे एकमेकांवर आदळून फुलीतला मागचा पट्टा वारंवार तुटू लागला, तेव्हा २००५ साली मधोमध १० मीटरचं वर्तुळ आखून धाव आखूड केली.

मुलींबाबत आणखी काळजी हवी. सारख्याच खेळात मुलींचा एसीएल मुलांपेक्षा दुपटीहून अधिक वेळा तुटतो. शरीररचना आणि संप्रेरकांची चर्चा पुष्कळ होते. पण मुलींना लहानपणापासून उड्या मारायला, झाडावर चढायला, पडायला मिळत नाही आणि ताकदीचे व्यायाम कुणी शिकवत नाही, हे कारण मला तितकंच खरं वाटतं. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, सरावाच्या आधी १५ ते २० मिनिटं ठरावीक व्यायाम केले तर एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात. एका पायावर तोल सांभाळणं, अर्धी बैठक, जोडीदाराने घोटे धरल्यावर गुडघ्यांवर बसून हळूहळू पुढे झुकणं, उडी मारून आवाज न करता उतरणं, पळत येऊन तीन छोट्या पावलांत थांबणं. शिक्षकाने मुलीच्या समोर उभं राहून एकच गोष्ट पाहायची: उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की आत झुकतो. आत झुकत असेल, तर त्या दिवशी साखळी पळण्याआधी उतरण्याचाच सराव घ्यायचा.